लिहलं असलं त बोलीन

नाटक हवं म्हणून कोणी आलं की मी पहिल्यांदा विषय विचारत नाही. बाया किती आहेत, ते विचारते. मग रंगमंचावर किती बाजूंनी येता-जाता येतं ते. आणि मग, चहा झाल्यावर, गावात कोणाचं कोणाशी बिनसलं आहे ते. एवढं कळलं की अर्धं नाटक उभं राहतं. विषय काय, कुठूनही येतो.

पुण्या-मुंबईकडच्या माणसांना हे सांगितलं की ती हसतात. त्यांच्याकडे लेखक आधी नाटक लिहितो आणि मग त्यातल्या पात्रांसाठी नट शोधले जातात. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावच्या हौशी मंडळांत नट आधीच ठरलेले असतात. सरपंचाचा जावई असतो, त्याला वगळता येत नाही. एक म्हातारा असतो, त्याच्या तोंडी ‘स’ आला की शिट्टी वाजते. एक बाई उत्तम काम करते, पण तिचं लेकरू दर अर्ध्या तासाने रडतं. या सगळ्यांच्या मापाचं नाटक शिवावं लागतं. म्हाताऱ्याच्या वाक्यांतून ‘स’ काढायचा, आणि लेकरू रडेल तेव्हा बाई आत असेल अशी सोय करायची.

माझी नोकरी कोर्टात होती. हिंगणघाटला टंकलेखक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. साक्षीदार वऱ्हाडीत बोलायचा, साहेब ते प्रमाण मराठीत सांगायचे आणि मी टंकायचे. “मी तिकडं गेलतो खरं, पन मले काई दिसलं नाई,” असं माणूस म्हणायचा. कागदावर उमटायचं, ‘सदर ठिकाणी मी उपस्थित होतो, तथापि मी काहीही पाहिले नाही.’ माणूस जसा बोलला ते कागदावर कधी आलंच नाही. ते माझ्या कानात साचत गेलं. आमच्या वस्तीतल्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी नाटुकलं लिहायला सांगितलं तेव्हा ते बाहेर पडलं. विहाराच्या ओट्यावर ते झालं. मग शेजारच्या गावाने बोलावलं, मग दुसऱ्या तालुक्याने.

या कामात बाहेरच्या माणसाला न दिसणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे माणसाला रंगमंचावर आणणं सोपं असतं, त्याला तिथून घालवणं कठीण. उगाच कोणी उठून जात नाही. त्याला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण त्याच्या येण्याच्या कारणापेक्षा मोठं असावं लागतं. दुसरं, वाक्य डोळ्यांनी वाचून कळत नाही, मोठ्याने म्हणावं लागतं. मी स्वयंपाकघरात सगळ्या पात्रांची वाक्यं म्हणते. नव्या शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं की माझ्या घरी भांडखोर पाहुणे आले आहेत.

कारंजा घाडगेच्या मंडळात नायकाचं काम करणारा माणूस ट्रकवर चालक होता. देखणा, पाठांतर चोख, पण प्रयोगाच्या दिवशी कुठे असेल याचा नेम नाही. म्हणून मी पहिला अंक त्याच्याविना लिहिला. सगळी पात्रं नुसती त्याची वाट पाहतात, त्याच्याबद्दल बोलतात, आणि दुसऱ्या अंकात तो येतो. प्रयोगाच्या दिवशी गडी दुपारीच हजर. पहिला अंक संपेपर्यंत रंगलेला चेहरा घेऊन आत बसून राहिला आणि माझ्याशी बोलेना. “मले काऊन बसवून ठेवलं?” एवढंच म्हणाला.

वडनेरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि मला सांगायची आहे ती तीच.

वडनेरच्या मंडळाचे दिग्दर्शक गजूभाऊ. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, आणि गावातलं नाटक दरवर्षी तेच बसवतात. त्यांचा फोन आला.

“मॅडम, नट आहेत, बाया आहेत, विषय तुमी म्हनसान तो. फक्त एक लहानशी अडचन आहे.”

लहानशी अडचण म्हटलं की मी पेन खाली ठेवते.

“दोन भाऊ आहेत,” गजूभाऊ म्हणाले. “दोघंबी नाटकाचे खांब. त्याइच्याबिगर नाटक होत नाई. पन एकमेकाइशी बोलत नाई.”

“घरी बोलत नसतील. स्टेजवर तर बोलतील ना?”

“स्टेजवरबी नाई. मांगच्या साली एक राजा होता अन् एक प्रधान. राजा बोले प्रेक्षकाइले, प्रधान बोले झाडाले.”

मी वडनेरला गेले. थोरले शेषराव, पन्नाशी ओलांडलेले, आवाज असा की माईक नसला तरी चालेल. धाकटा दिवाकर किरकोळ अंगाचा, कमी बोलणारा. पण तो नुसता दुपट्टा घडी करू लागला तरी लोक हसायचे. दोघांची घरं एकाच भिंतीला लागून. अबोल्याचं कारण गजूभाऊंनी सांगितलं, आणि गावात सगळ्यांनाच ते माहीत होतं. काही वर्षांपूर्वी त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. शेषरावांनी नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरवून दाराशी गाडी आणली. दिवाकर दारात उभा राहिला आणि त्याने नेऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात वडील गेले. तेरवी झाली आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

घरं चालतच होती. बाया एकमेकींकडे ताक-भाजी नेत होत्या. भावांमधला निरोप शेषरावांची बायको सुमन पोचवायची. एकाच विहिरीवर दोघांचं पाणी. दिवाकर तिथे उभा राहून म्हणायचा, “वयनी, त्याइले सांगा मोटर बंद करा.” ‘ते’ दहा हातांवर उभे असायचे. सुमनबाई वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या.

सुमनबाई नाटकात कामही करायच्या. मला पात्र मिळालं. दोन मुलगे आणि मधे त्यांची आई. सुमनबाईंनी नवऱ्याच्या आईचं काम केलं, ते त्यांना फारसं आवडलं नाही, पण केलं. मुलगे जे बोलायचे ते आईशी, आणि ती आत-बाहेर करत एकाचं दुसऱ्याला सांगायची. नाटक रंगलं. वडनेरचे लोक पोट धरून हसत होते. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा जास्तच.

दुसऱ्या वर्षी पुन्हा बोलावणं आलं. या वेळी त्यांच्या घरी चहाला गेले तेव्हा शेषराव स्वतःहून माझ्याजवळ येऊन बसले.

“बाई, मांगच्या नाटकात ते माय सारखी आत-बाहेर काऊन करून राह्यली होती?”

“तुम्ही दोघं बोलत नाही म्हणून.”

त्यांनी थोडा विचार केला. हा माणूस नाटकाबद्दल गंभीर होता. लेखनातली खोट त्याला नटाची खोट वाटत होती.

“मी नट हाय,” ते म्हणाले. “लिहलं असलं त बोलीन.”

सुमनबाई भिंतीपलीकडे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, “तेबी म्हन्ते, त्याइले चालत असन त मलेबी चालते.”

मग मी एसटी स्टँडवरचं नाटक लिहिलं. शेषराव वाहतूक नियंत्रक आणि दिवाकर न येणाऱ्या बसचा प्रवासी. दोघांचं पूर्ण नाटकभर भांडण. तालमी रविवारी दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात. एरवी तालमीला कुत्रंही फिरकत नाही, पण या तालमींना गाव यायला लागलं. लोक नाटक बघायला येत नव्हते, दोघं भाऊ बोलतात ते ऐकायला येत होते. सुमनबाई चहाची किटली घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि दोघांचा प्रवेश संपल्याशिवाय कोणाला चहा मिळायचा नाही.

तालीम संपली की शेषराव चप्पल घालून डावीकडून निघायचे आणि दिवाकर उजवीकडून. घरं शेजारी असल्यामुळे एकाला गावाला वळसा पडायचा.

तिसऱ्या वर्षी, नाटकाचं अजून ठरायचं होतं, तेव्हा दिवाकर एकटाच हिंगणघाटला माझ्या घरी आला. पाणी प्यायला, चहा प्यायला, तरी कामाचं बोलेना.

“ताई, रोहिनीचं जमलं,” शेवटी म्हणाला. रोहिणी त्याची एकुलती एक मुलगी. “पोरगा यवतमाळचा हाय. चांगला हाय.”

“छान झालं.”

“दादाले बोलवाचं हाय.”

“मग बोलवा.”

“तेच त.” त्याने कप बशीत ठेवला. “नाटकात टाकता काय? तुमी लिहलं त मी म्हनीन. तोबी आयकन.”

मी म्हटलं, पत्रिका द्या, सुमनबाई नेतील.

“पत्रिकेनं तो येईनच. पाव्हन्यावानी खुर्चीवर बसन, जेवन अन् चालला जाईन. मले तसा नाई पाह्यजे. पोरीच्या मांगं उभा पाह्यजे. थे त्याच्याच अंगाखांद्यावर वाढली.”

मी लगेच हो म्हटलं नाही. लेखकाच्या हातात एक वाईट ताकद असते. संहितेत जे आहे ते नटाला सोसावं लागतं, आणि तेही लोकांसमोर. शेषराव रंगमंचावर उभे, समोर सगळं गाव, आणि धाकटा भाऊ लग्नाला बोलावतो. तिथे ते नाही म्हणू शकले नसते, आणि म्हणूनच त्यांच्या हो म्हणण्यालाही काही किंमत राहिली नसती. माझा एक जुना नियम आहे. कोणताही नट कोणतंही वाक्य पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर ऐकणार नाही. मी दिवाकरला तो सांगितला. वाक्य असेल तर ते पहिल्या वाचनालाच सगळ्यांसमोर वाचलं जाईल. शेषराव तिथून उठून जाऊ शकतील.

“वाचनात त वाचनात,” तो म्हणाला.

मी लग्नघराचं नाटक लिहिलं. दुसऱ्या अंकात ते वाक्य घातलं, “दादा, पोरीचं लगन हाय. तू पुढं झाल्याबिगर मांडव उभा नाई होत.” त्याच्याखाली थोरल्या भावाचं नाव लिहिलं आणि पुढे काही लिहिलं नाही. त्या माणसाने काय म्हणावं हे मला माहीत नव्हतं, आणि माझ्या मनाने काहीतरी म्हणायला लावावं असं वाटेना.

वाचनाच्या दिवशी सगळे व्हरांड्यात गोल बसले. दिवाकरने ते वाक्य वाचलं. एसटी स्टँडच्या नाटकात खणखणीत बोलणाऱ्या माणसाचा आवाज बसला होता. शेषरावांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, चष्मा वर केला.

“बाई, माह्यं वाक्य लिहाचं राह्यलं काय?”

“ते तुम्ही सांगाल तसं लिहीन.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या पानाकडे. भावाकडे पाहिलं नाही.

“हे नाटकातलं नाई,” ते म्हणाले. पानं सुमनबाईंच्या हातात दिली आणि निघून गेले. उजवीकडून की डावीकडून ते त्या दिवशी कोणी पाहिलं नसावं.

“झालं,” गजूभाऊ म्हणाले. “बुडालं औंदाचं नाटक.”

पुढच्या दोन रविवारी शेषराव तालमीला आले नाहीत. मग एका सकाळी ते हिंगणघाटला माझ्या दारात उभे. बसा म्हटलं तर खुर्चीच्या अगदी कडेवर बसले.

“लग्नाचं बोलते तो,” ते म्हणाले. “बाबाचं नाई बोलत.”

मग त्यांनी मला ते सांगितलं. गाडी दाराशी उभी होती. आत अंथरूण घातलेलं होतं. दिवाकर दारात आडवा उभा राहून म्हणाला, बाबा नाई म्हन्ते.

“अन् मी डायवरले वापस पाठवलं,” शेषराव म्हणाले. “मी मोठा. त्याले बाजूले सारता येत नोहतं काय मले? काऊन आयकलं मी त्याचं, हे मले अजून समजून नाई राह्यलं.” मग म्हणाले, “तुमी लिहा. तो चुकला असं लिहा. त्यानं ते म्हटलं का मी लग्नात उभा राह्यतो.”

“आपण चुकलो असं त्यांना वाटतं का?”

“मले काय मालूम.”

“मग मी कसं लिहू?”

ते उठले, दारापर्यंत गेले. मग म्हणाले, “तुमी त्याले इचारा.”

म्हणून मी वडनेरला गेले. दिवाकर वावरात होता. तूर कमरेच्या वर आली होती. आम्ही धुऱ्यावर, दोन वावरांमधल्या बांधावर, उभे राहून बोललो. मी शेषरावांचं म्हणणं त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो तुरीच्या शेंगा तोडून हातात गोळा करत राहिला.

“बाबानं माह्यं मनगट धरलं होतं,” तो म्हणाला. “म्हने, मले गाडीत मराचं नाई. या खोलीतच राहू दे. अन् म्हने, हे शेष्याले सांगू नोको. मी जगाचं सोडलं असं समजलं त तो रडन.”

“आणि तुम्ही सांगितलं नाही.”

“बापानं शब्द घेतला होता. कसा सांगू?”

“आता मला सांगितलंत.”

“तुमी काय दादा थोडीच आहा?”

इतकी वर्षं दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहत होते. एकाला वाटत होतं आपण वडिलांना वाचवलं नाही. दुसरा जे सांगून हे ओझं हलकं करू शकला असता, ते त्याच्या गळ्यात अडकलं होतं. मी कोर्टात पुष्कळ भाऊ पाहिले. तिथे एकमेकांना खोटं पाडायला माणसं येतात. इथे दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं.

“मी हे लिहू का?” मी विचारलं.

त्याने शेंगांची ओंजळ माझ्या पिशवीत टाकली. “लिहा. मंग मी काई सांगतलं नाई. बाईनं लिहलं.”

मी तो प्रवेश एका बैठकीत लिहिला. लिहिला म्हणण्यासारखं त्यात माझं फारसं नव्हतं. थोरला आपल्या दाराशी उभ्या गाडीबद्दल बोलतो, धाकटा मनगटाबद्दल. कोणी माफी मागत नाही. माझ्या हातून उतरलेल्या प्रवेशांत हा सगळ्यांत चांगला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

गजूभाऊंनी शेषरावांना निरोप दिला की नवीन प्रवेश आला आहे, एकदा वाचून तरी जा. ते आले. बाकीच्या नटांना मी त्या रविवारी बोलावू नका म्हटलं होतं. व्हरांड्यात दोघं भाऊ, गजूभाऊ, सुमनबाई आणि मी.

शेषरावांनी आपली वाक्यं नीट वाचली, नटासारखी. मग दिवाकर वाचू लागला. मनगटाच्या ओळीशी तो अडखळला, पण पुढे गेला. ‘शेष्याले सांगू नोको’ इथे मी नाव बदलून ‘थोरल्याले’ केलं होतं. दिवाकरने वाचताना ‘शेष्याले’ म्हटलं.

शेषरावांनी चष्मा काढला. ते माझ्याकडे वळले.

“हे त्यानं सांगतलं, का तुमी लिहलं?”

मी उत्तर देण्याच्या आधीच दिवाकरने हातातली पानं खाली ठेवली.

“बाबानं सांगतलं, दादा.”

“मंग तवाच काऊन नाई बोल्ला?”

“त्याइनं नोको म्हटलं होतं.”

“ते गेल्यावर त बोलाचं होतं! मी काय समजून राह्यलो इतके साल? मीनं मारलं बाबाले, असं समजून राह्यलो मी!”

“मले काय मालूम तू काय समजते! तू बोलू देल्लं काय मले? तेरवीच्या दिवशी तोंड फिरवून बसला!”

“तू दरवाज्यात उभा राह्यला होता!”

“त्याइच्यासाठी उभा होतो!”

दोघंही उठून उभे राहिले होते. शेषरावांचा आवाज आता शाळेच्या पलीकडे जात असणार. पानं वाऱ्याने व्हरांडाभर झाली. गजूभाऊ मधे पडायला उठले तेव्हा सुमनबाईंनी त्यांचा शर्ट धरून त्यांना खाली बसवलं.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “बोलून राह्यले.”

ते भांडण बरंच चाललं. त्यात विहिरीची मोटर आली, गाय विकली ते आलं, कोण कोणाच्या आजारपणात आला नाही ते आलं. पुढे आवाज खाली आले. शेषराव रडले की नाही ते मला सांगता येणार नाही. मी पाठ फिरवून पानं गोळा करत होते, आणि ती सगळी मिळाल्यावरही काही वेळ गोळा करत राहिले.

जाताना दोघं माझ्याजवळ आले.

“बाई, ते पान काढून टाका,” शेषराव म्हणाले. “ते लोकाइले काऊन दाखवाचं?”

“हो ताई, काढा,” दिवाकर म्हणाला.

पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते माझ्या प्रवेशाच्या विरोधात होतं. मी काढलं.

लग्न पुढे उन्हाळ्यात झालं. मी गेले होते. रोहिणीच्या मागे शेषराव उभे होते, नव्या फेट्यात, आणि मंगलाष्टकांच्या वेळी त्यांनी अक्षता इतक्या जोरात टाकल्या की नवरदेवाने डोळे मिटून घेतले. दिवाकर पाहुण्यांत फिरत होता. मधेच येऊन त्याने भावाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि शेषराव भर मांडवात त्याच्यावर खेकसले, “मले आधी काऊन नाई सांगतलं?” स्वयंपाकाचं काहीतरी असावं. सुमनबाई दुसऱ्या टोकाला बायांत बसल्या होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

नाटकाचं सांगायचं राहिलं. ते त्याआधीच, हिवाळ्यात, ठरल्याप्रमाणे झालं. त्या प्रवेशाच्या जागी मी घाईने दुसरं काहीतरी भरलं, आचारी आणि मांडववाल्याचं एक विनोदी भांडण. ते कोणाला आवडलं नाही. दोघं भाऊ उत्तम काम करून गेले, पण मधे नाटक बसलं ते पुन्हा उठलं नाही. संपल्यावर खुर्च्या आवरत असताना एक गृहस्थ माझ्याकडे आले. हिंगणघाटहून आले होते, नाटकाचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती आहे.

“लेखन बरं आहे,” ते म्हणाले. “पण दुसऱ्या अंकात दोन भावांमधला एक मोठा प्रवेश हवा होता. तो तुम्हाला सुचला नाही का?”

समोर शेषराव आणि दिवाकर मिळून मंचावरची सतरंजी गुंडाळत होते. एक म्हणत होता इकडून धर, दुसरा म्हणत होता तिकडून.

“नाही सुचला,” मी म्हटलं.